बाटलीतला समंध

चौलात विश्वंभर काचाऱ्याच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीतलं शिंपण अर्धवट टाकून माणसं आली होती, रेवदंड्याच्या कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ती गडग्यावर चढून बसली होती. मधोमध मृगाजिनावर भस्मनाथ महाराज बसले होते. अंगभर राख, गळ्यात कवड्या आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

महाराजांपुढे जाड बुडाची बाटली होती. विश्वंभरनंच आदल्या दिवशी फुंकलेली. फुंकल्यावर माल धाकट्या भट्टीत ठेवायचा आणि तिचं तोंड बंद करून सावकाश निवू द्यायचा, ही काचाऱ्याची रीत. पण महाराजांनी ही बाटली तशीच लालभडक वाऱ्यावर टांगायला लावली होती. समंधाला आत शिरायला वाट मोकळी हवी, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांनी पाट्यावर सुपारी ठेवली आणि बाटलीच्या बुडानं दणका दिला. सुपारी फुटली, बाटलीला काही झालं नाही.

"बघितलंत? हा आत बसलाय, म्हणून बाटली वज्राची झाली. याला बाहेरून मारून भागायचं नाही. ओम फट् हटेश्वर, सात दर्यापारच्या पीडा, आल्या वाटेनं निघ!"

बाटली पाटावर ठेवून त्यांनी चिमूटभर अंगारा आत सोडला. तडकन आवाज झाला आणि बाटलीच्या ठिकऱ्या उडाल्या. त्या घरात काच रोज आपोआप फुटत होती म्हणून गाव हळहळत होता, आणि आज तीच फुटली म्हणून तोच गाव लोटांगण घालत होता.

विश्वंभरनंही घातलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि विश्वंभर नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडाला होता. धाकटा भाऊ कान्हा तापानं गेला, त्यानंतर काही दिवसांतच हे सुरू झालं. कंदिलाच्या चिमण्या, औषधाच्या बाटल्या धाकट्या भट्टीतून चांगल्या धडधाकट निघायच्या. मग फळीवर ठेवल्या ठेवल्या, कोणी हात न लावता, टिचकी मारल्यासारखा आवाज व्हायचा आणि चिमणी उभी चिरायची. वाणी माल घेईनासा झाला. डॉक्टरांच्या कपाटात बाटली फुटून औषध सांडलं, तेव्हा त्यांनीही दुसरीकडची बघितली. आजोबांनी पेटवलेली थोरली भट्टी कधी विझली नव्हती; आता तिच्यात घालायला लाकूड कुठून आणायचं हे विश्वंभरला कळत नव्हतं. नारळ फोडून झाले, कोंबडा देऊन झाला, दारावर काळी बाहुली टांगून झाली. त्याची बायको मैना पोरांना पेज वाढताना त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

महाराजांनी मग समंध राहतो कुठे तेही सांगितलं. ज्या घरातला कर्ता मुलगा अकाली जातो, तिथं तो त्याच्या बायकोला धरून राहतो, म्हणाले. उपाय एकच. कान्हाची विधवा रतन हिला घरातून काढायची. दिघीपलीकडे महाराजांचा मठ होता, तिथं ती सेवा करील. उद्या सकाळी गाडीनं आगरदांड्याला नेऊन तिला होडीत बसवायची.

विश्वंभरची आई येसूबाई पदर तोंडात धरून रडली, पण नाही म्हणाली नाही. विश्वंभर व्हय म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती. आत रतननं सगळं ऐकलं होतं. तिनं दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. तिला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

गर्दीत शाळेचे हरी मास्तर होते. लोक पांगल्यावर ते पाटाशी बसून फुटक्या काचा चाळत राहिले. अंगाऱ्याच्या राखेत त्यांना गारेचा, म्हणजे गारगोटीचा, एक बारीक, टोकदार कपचा सापडला. पडवीत बसलेल्या रतनकडे त्यांनी एकदा बघितलं आणि ते विश्वंभरपाशी गेले. महाराजांच्या बाटलीसारख्याच दोन बाटल्या आणखी फुंकून वाऱ्यावर टांगायला त्यांनी सांगितलं.

"मास्तर, आता कशाला छळता?" विश्वंभर म्हणाला. "मी सबूद दिलाय."

"उद्या ती गेल्यावर तुझी काच पुन्हा फुटली तर तिला कुठून परत आणशील? माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी फुंक."

विश्वंभर उठून भट्टीपाशी गेला. त्यानं फुंकनळी उचलली.

दुसऱ्या दिवशी बैल जुंपले होते, रतन गाठोडं घेऊन उंबऱ्याशी उभी होती आणि निरोप द्यायला सगळा गाव पुन्हा अंगणात होता. मास्तरांनी पाट पुढे ओढला. पहिल्या बाटलीनं सुपारी फोडली. मग वाटेवरची गार दगडानं ठेचून तिचा एक कपचा त्यांनी चिमटीत धरला.

"मला मंत्र येत नाही," ते म्हणाले. "मी पाढा म्हणतो. बे एके बे, बे दुणे चार." आणि कपचा आत सोडला. तडकन बाटली फुटली.

गडग्यावरची पोरं हसली. महाराज म्हणाले, समंध खवळलाय, आता तो कोणाच्याही हातून उठेल. मास्तरांनी ते बिनतक्रार मानलं आणि दुसरी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. अंगारा मात्र येसूबाईंनी फडक्यातून गाळून द्यावा, एवढंच मागितलं. म्हातारीनं राख गाळली. महाराजांनी ती चिमूट चिमूट करत मूठभर सोडली, फट् म्हटलं, हटेश्वर म्हटलं. बाटली ढिम्म. येसूबाईच्या फडक्यात मात्र गारेचे चार कपचे राहिले होते. तिनं ते तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले.

महाराज स्नानाला म्हणून तळ्याकडे गेले ते गेलेच. मृगाजिनही विसरले.

लोक हसत होते, पण विश्वंभरला हसू येईना. त्यानं कळवळून विचारलं, "महाराज लबाड, मान्य. पन माझी काच तर खरीच फुटते. ती का?"

मास्तर म्हणाले, "काच तुझी, मला काय विचारतोस? वाऱ्यावर निवलेली बाटली अशी का होते, ते तूच सांग."

विश्वंभरला ते उत्तर झोपेतसुद्धा देता आलं असतं. वारा लागला की काचेची बाहेरची कातडी आधी आवळते, आतला ऊन गाभा मागून आकसतो आणि तिथं ताण धरून राहतो. बाहेरचा दणका ती सोसते. आत ओरखडा गेला की संपलं. पातळ चिमणीला तर फुटायला ओरखडाही लागत नाही. पण त्याचा माल वाऱ्यावर नव्हता, धाकट्या भट्टीत होता. तो उठून तिथं गेला. भट्टीच्या तोंडावर त्यानं लावलेलं मातीचं लिंपण वाळून तडकलं होतं. त्यानं चिरेशी हात धरला. समुद्राकडचा वारा सरळ आत ओढला जात होता.

"ह्ये आधी असं तडकत नसं," तो पुटपुटला.

"तडकायचं," मागून रतन म्हणाली. कान्हा गेल्यापासून ती थोरल्या दिरासमोर पहिल्यांदा बोलत होती. "वाळलं की तडकायचंच. मी भाताचा कोंडा घालून मळायचे. चीर पडली की पुन्हा लिंपायचे, आन् पुन्हा. माल निवेस्तवर उठून बघत राह्यचे. तुमी एकदा थापून जाता."

तोंड लिंपणं हे त्या घरात सुनेचं काम होतं. कान्हा गेला त्या दिवसापासून येसूबाईनं तिला भट्टीपाशी फिरकू दिलं नव्हतं. भट्टी घराची लक्ष्मी, तिला पांढऱ्या कपाळाचा हात लागू नये. मैनाच्या अंगावर लहान पोर, म्हणून विश्वंभर ते घाईनं उरकत होता.

विश्वंभरनं हात जोडले. "रतन, चुकलो. उद्यापासनं तूच लिंप."

"लिंपीन," ती म्हणाली. "पन भावजी, मास्तर आले नसते तर तुमी मला त्या मानसाबरोबर होडीत बसवलं असतं."

विश्वंभरनं जाऊन गाडीचे बैल सोडले.

रतननं लिंपलेल्या भट्टीतल्या चिमण्या फळीवर अखंड राहिल्या. गाव भस्मनाथाला शिव्या घालून मोकळा झाला, आणि शिव्या त्याला घालाव्यात तेवढ्या थोड्याच. पण त्याची लबाडी एका दिवसात उघडी पडली. विधवेचा हात अशुभ, हे त्या घराला कुठल्या महाराजानं शिकवलं नव्हतं. ते घरात आधीपासून होतं, आणि भट्टीला चीर त्या समजुतीनंच पाडली. वाचणाऱ्यांनो, समंध शोधायला बाहेरचा मांत्रिक आणू नका. जे बिघडलं असेल तिथं हात लावून बघा, ते काम काल कोण करत होतं ते विचारा. आणि हे सगळं कोणाला होडीत बसवण्याआधी करा.