पाचवं अक्षर

नूरुद्दीनने चिडून पाना जमिनीवर आपटला, तर तो उसळून त्याच्याच नडगीवर बसला. आखातातल्या मुसफ्फातलं गॅरेज, ऑगस्टची दुपार, कूलर गरम वारा फेकतोय, आणि सत्तर सालची लाल मस्टँग सकाळपासून सगळ्यांना नाचवतेय. कारखान्याने तिच्यावर ठोकलेला नंबर काही सापडत नव्हता.

सगळा तंटा त्या नंबरचाच होता. जुन्या गाड्यांच्या एका क्लबचं हिवाळ्यात प्रदर्शन होतं. गाडी कारखान्यातूनच मोठ्या इंजिनाची निघालेली, म्हणजे असली मसल कार असेल, तरच आत घेणार आणि पुढ्यात मालकाच्या नावाची पाटी लावणार. मालक हसनमियां गेल्या रमजानात वारले होते. पाटीचा हट्ट त्यांच्या बायकोचा, मैमुनाबींचा. आणि गाडी तपासायला क्लबाने धाडलेला सुजीत, मूळचा पुण्याचा इंजिनियर, सिलिकॉन ओएसिसहून दीड तास गाडी हाकत आला होता.

डॅशबोर्डवरची नंबरपट्टी डॅशबोर्ड बदलताना कुठे गेली, अल्ला जाणे. दारावरचा स्टिकर रंगकामात उडाला. इंजिनावरचा नंबर कुणीतरी घासून टाकलेला. गाडीची कुठे नोंदही नाही, कारण हसनमियां तिला फक्त शुक्रवारी त्यांच्या अरब भागीदाराच्या मळ्यावर, मातीत पळवायचे. कागद होते, ते त्याच मळ्यावरच्या खोलीत वाळवीने खाल्ले.

"चाचा, इंजिन जेन्युइन आहे, अ‍ॅग्री," सुजीत दहाव्यांदा म्हणाला. "पण इंजिन कुणीही बसवू शकतो ना. बॉडीचं प्रूफ पाहिजे. नाहीतर मला रिपोर्टमध्ये 'अनव्हेरिफाइड' टाकावं लागेल."

"मी सांगतोय, ते प्रूफ नाय?"

"फॉर्ममध्ये तसा कॉलम नाहीये, चाचा."

नूरुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाभोळहून आल्याला त्याला अडतीस वर्षं झाली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते हा माणूस सांगायचा. सत्त्याण्णव साली हसनमियां गाडी घ्यायला गेले, ते याच कानाला बरोबर घेऊन. त्याने बॉनेट उघडायला लावलं, इंजिन मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, "असली आहे. डोळे मिटून घ्या." आता त्या कानाला कॉलम नाही म्हणे!

मैमुनाबी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या. मुलगा फहद त्यांना मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरून घेऊन आला होता खरा, पण एसी लावलेल्या आपल्या गाडीतून उतरायला तयार नव्हता. काच चार बोटं खाली करून तो ओरडला, "अम्मी, इट्स फेक! जस्ट स्क्रॅप इट, प्लीज!"

"तू गप बस," मैमुनाबी म्हणाल्या आणि नूरुद्दीनकडे वळल्या. "सत्तावीस वर्षं मी त्यांना टोचून खाल्लं रे, नूरू. चाळीस हजार दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे चार लाख रुपये देऊन डबा आणला म्हणून. जेवताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले, हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या, तेव्हासुद्धा बोलले. ते नुसते हसायचे. म्हणायचे, नूरूने ऐकलीय ती. एकदा कागदावर येऊ दे की ते खरे होते. दोन रकात नमाज पढून माफी मागेन त्यांची."

नूरुद्दीनने उगाच हात पुसले.

"अजून एक जागा आहे," सुजीत म्हणाला. "पुढच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर कारखान्यातच नंबर ठोकतात. बाहेरून दिसत नाही."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"सकाळीच म्हटलं मडगार्ड काढू. तुम्हीच नको म्हणालात, रंग उडेल म्हणून."

हे खरं होतं, म्हणून नूरुद्दीन जास्तच चिडला. बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेले. त्याने डिझेल ओतलं, हातोडी मारली, शिव्या घातल्या. दोन बोल्ट तुटले, बाकीचे ग्राइंडरने कापावे लागले. तासाभराने मडगार्ड निघालं, तोवर त्याचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला होता.

सुजीत फॉर्म घेऊन मैमुनाबींच्या शेजारी उभा राहिला. "पाचवं अक्षर बघा फक्त, ते इंजिनाचं असतं. आर आलं की खलास, गाडी असली. एच आलं तर साधी गाडी, इंजिन मागाहून बसवलेलं."

नूरुद्दीन टॉर्च दातांत धरून चाकामागे वाकला आणि तारेच्या ब्रशने घासू लागला. लाल रंगाखाली काळा, काळ्याखाली निळा. मग शून्य दिसलं. मग टी. शून्य. दोन. त्यापुढचं अक्षर त्याने तीनदा घासलं, थुंकी लावून पुसलं, बोटाने चाचपलं. एच होता. आर व्हायची त्याची कुठूनही तयारी नव्हती.

कानाने काही चूक केली नव्हती. इंजिन असलीच होतं. गाडी म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, एवढी साधी गोष्ट मात्र नूरुद्दीन पठ्ठ्याच्या डोक्यात तेव्हा आली नव्हती. आणि त्या घमेंडीपायी एका भल्या माणसाने जन्मभर बायकोची बोलणी खाल्ली.

ग्राइंडर हाताशीच होता. एकदा फिरवला की अक्षर गेलं. सुजीत 'अनव्हेरिफाइड' लिहील, भाभींना हवं ते मानता येईल, कानाची अब्रूही राहील. त्याने बटण दाबलं. ग्राइंडर किंचाळला.

"मिळाला का रे?" मैमुनाबींनी विचारलं. आवाजात इतकी आशा होती की त्याने ग्राइंडर पत्र्यापासून मागे घेतला.

एकदा न बघता बोललो, आता बघून खोटं बोलू? नूरुद्दीनने स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली आणि ग्राइंडर बंद केला.

"लिहा," तो आतूनच ओरडला. "झीरो. टी. झीरो. टू. एच."

सुजीतचं पेन थांबलं. फहदने काच खाली केली, "सो?"

नूरुद्दीन बाहेर आला. "भाभी, तुमचंच खरं होतं. त्यांना मीच फसवलं, नकळत."

मैमुनाबींनी ओढणी सारखी केली.

"सत्तावीस वर्षं मी जिंकतच आले रे त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "आज एकदा हरायला आले होते."