अंबाजी खुर्चीत बसला

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. आगरदांड्याच्या बंदराजवळ जाळी ठेवायची एक झोपडी आहे, तिच्या कोपऱ्यात सध्या माझा मुक्काम असतो. माझा एक पाय डुगडुगतो, बैठकीचा काथ्या मधोमध सैल पडला आहे आणि डाव्या हातात वाळवीने बिऱ्हाड केले आहे. तरीही मला कोणी मोडकी म्हटले तर खपत नाही. मी घरात नुसती बसून राहिलेली खुर्ची नव्हे. मी बंदरावर नोकरी केली आहे.

माझा जन्म एकोणीसशे अठराला मोठी लढाई संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाला. त्या काळी इथे धक्का नव्हता. मुंबईची आगबोट लांब, खोल पाण्यात उभी राहायची आणि होडी उतारूंना तिच्यापर्यंत न्यायची. पण ओहोटीच्या वेळी होडीसुद्धा काठाला लागत नसे. मधे गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. तेवढी वाट इथले कोळी उतारूंना खांद्यावर घेऊन पार करत. एकदा एक जाडजूड कारकून अंबाजी कोळ्याच्या खांद्यावरून घसरले आणि कोटटोपीसकट चिखलात बसले. त्यांनी फारसा आरडाओरडा केला नाही. मात्र पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुरुडच्या रामचंद्र सुताराला एक भक्कम खुर्ची करायला सांगितली.

रामचंद्राने एका मोडीत काढलेल्या पडावाचे, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीचे, सागवान आणले. माझे हात रुंद केले, बैठक काथ्याने घट्ट विणली आणि दोन्ही बाजूंना बांबू अडकवण्यासाठी लोखंडी कड्या ठोकल्या. पुढून अंबाजी आणि मागून त्याचा जोडीदार काळूराम असे दोघे मला उचलू लागले. मी माहेरवाशिणी नेल्या, तान्ही बाळे आणली, तापाने फणफणलेली माणसे मुंबईच्या इस्पितळाकडे रवाना केली. काही उतारू माझे हात असे घट्ट धरत, की जणू खाली सातासमुद्रांचे पाणी आहे. अंबाजी मात्र चिखलातूनही सपाट अंगणातून चालावे तसा चालायचा. वाटेत तो एवढेच म्हणायचा, "पाय वर घ्या." पलीकडे पोचलेली माणसे त्याचे कौतुक करत, आणि त्यातले थोडे माझ्या वाट्यालाही येई.

अंबाजी रोज मला गोड्या पाण्याने धुवायचा. शिमग्याला माझ्या लाकडाला तेल लावायचा. पण माझ्यात तो कधी म्हणजे कधीच बसला नाही. एकदा दमलेला काळूराम जरा टेकला, तर अंबाजीने त्याला दंडाला धरून उठवले. उचलणाऱ्याने बसायचे नाही, असा त्याचा कायदा होता.

या अंबाजीला एक वेड होते. माझ्यात बसलेले कितीतरी जण मुंबईहून पुढे एडनला, मोंबासाला, झांजीबारला जाणारे असत. मुरुडचे खलाशी तिकडच्या गोष्टी सांगत आणि अंबाजी बांबू खांद्यावर घेऊन त्या ऐकत जाई. आपणही एकदा परमुलखात जावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याला तिकडची श्रीमंती बघायची नव्हती. तिकडच्या किनाऱ्यावर माणसांना उतरवतात कसे, हे त्याला बघायचे होते. तिथेही चिखल असेल ना? मग उचलणारे कोण असतात? खांद्यावर घेतात की पाठीवर? बंदरावरचे लोक यावर पोट धरून हसत. मला हसू आले नाही, कारण माझीही तीच गत होती. होडीच्या काठापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. पुढे काय आहे, ते मला कोणी दाखवले नाही.

वर्षे गेली. पहाटेच्या गार पाण्याने अंबाजीचे गुडघे धरले. आधी थंडीत दुखायचे, मग बाराही महिने सुजू लागले. मुरुडच्या वैद्यांनी लेप दिला, तेल दिले आणि पाण्यात पाय घालायचा नाही अशी ताकीद दिली. पुढचा बांबू काळूरामने घेतला, मागचा कोंडाजी नावाच्या नव्या गड्याने. अंबाजी काठावर बसून जाळी शिवू लागला. आगबोटीची शिटी झाली की त्याचा हात थांबायचा. मला त्याच्याकडे बघवत नसे.

एकोणीसशे चौतीसच्या शिमग्याला अंबाजीचा मुलगा सदा घरी आला. तो झांजीबारकडे, बेटाबेटांतून फिरणाऱ्या एका लहान आगबोटीवर खलाशी होता. तो बापाला म्हणाला की या खेपेला माझ्याबरोबर चला, दिवाळीनंतर परत आणून सोडतो. अंबाजीला आनंदाने बोलवेना. गाव मात्र भरपूर बोलले. एवढ्या गुडघ्यांनी बोटीचा जिना कसा चढणार? वाटेत काही झाले तर भर समुद्रात अग्नी कुठे देणार? या वयात कशाला हे खूळ? अंबाजीची बायको जनी कोणाशीच वाद घालत बसली नाही. तिने तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, सुके बोंबील बांधले आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली फडक्यात गुंडाळून गाठोड्यात ठेवली.

निघायच्या दिवशी नेमकी ओहोटी होती. काळूराम आणि कोंडाजी मला घेऊन तयार उभे होते. अंबाजी काठी टेकत आला, माझ्याकडे पाहून माझ्या बाजूने सरळ पाण्यात उतरला. सदा मागून हाका मारत राहिला. थोडे अंतर अंबाजी गेलाही. मग चिखलात काठी रुतली, गुडघा मुडपला आणि माझा अंबाजी, ज्याने एवढ्या वर्षांत फक्त त्या एका कारकुनाला पडू दिले होते, तो स्वतः पाण्यात कोसळला. त्याला काठावर आणून कोरडे करेपर्यंत आगबोट निघून गेली. मुंबईहून आफ्रिकेकडे जाणारी मोठी बोट गाठायची, तर आता दुसऱ्या दिवसाची एकच आगबोट उरली होती.

दुपारी जनी झोपडीच्या सावलीत त्याच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली. मी शेजारीच होते. सदाने एकट्याने जावे, आपण येत नाही, असे अंबाजीने सांगून टाकले. फार दुखतंय काय, असे तिने विचारले.

"गुडघ्याचं काय न्हाय," तो म्हणाला. "सारं बंदर बघतंय. मी लोकांना उचललं. आता मला उचलून नेनार, आन् लोक बघनार."

जनीचा हात चालूच होता. ती म्हणाली, "एवढी वर्सं या खुर्चीत मानसं बसली. लंगडी, आजारी, म्हातारी. तवा तुमी त्यांना मनात हसत व्हता काय?"

अंबाजीने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "न्हाय."

"मंग तुमाला कोन हसंल?"

दुसऱ्या दिवशी तो आला. माझ्या हातावर त्याने हात ठेवला, क्षणभर थांबला आणि बसला. मित्रांनो, त्याचा खांदा मला चांगला ओळखीचा होता, पण त्याची पाठ मला पहिल्यांदाच लागली. वजनाने तो अगदीच हलका झाला होता, आणि मला रडू आवरेना. लाकडाचे रडणे कोणाला दिसत नाही, हे एक बरे असते. जनी लुगडे खोचून पाण्यातून बरोबर चालत होती. मध्यावर आल्यावर पुढून काळूरामने मान न वळवता म्हटले, "पाय वर घे, अंबाजी." त्यावर सगळ्यांत आधी अंबाजीच हसला.

होडीने त्याला माझ्याकडून घेतले. आगबोट दिसेनाशी होईपर्यंत कोणीही मला काठावर नेले नाही. मी पाण्यातच उभी होते.

दिवाळीनंतर तो परत आला आणि मुकाट्याने माझ्यात बसून काठाला लागला. गुडघे होते तसेच होते, वर बोटीच्या जिन्याने दोनदा रडवले होते. पण तोंड थांबत नव्हते. झांजीबारपलीकडच्या एका लहान बेटावर धक्का नव्हता, असे त्याने काळूरामला सांगितले. तिथे पिकल्या केसांचा एक हबशी होडीपाशी आला, पाठ वळवून उभा राहिला आणि त्याने स्वतःच्याच खांद्यावर थाप मारली. म्हणजे तिकडे पाठीवर घेतात. त्याची भाषा याला येत नव्हती आणि याची त्याला. वाळूवर उतरल्यावर अंबाजीने खाली पाहिले, तर त्या हबशाचेही गुडघे सुजलेले. अंबाजीने गाठोडे सोडले आणि तेलाची बाटली त्याच्या हातात दिली. चोळायचे कसे, तेही तिथेच वाळूत बसून दाखवले.

पुढे इथे धक्का झाला आणि माझी नोकरी संपली. बांबू कोणीतरी कुडाला लावले. माझ्यावर जाळी, दोर, फुटके डबे असे काहीबाही येऊन पडते. अंबाजी मात्र संध्याकाळी येतो, सगळे खाली काढतो आणि माझ्यात बसतो. आता त्याला बसरा बघायचा आहे. तिकडच्या खजुराच्या होड्या कशा भरतात, म्हणतो. लोक पुन्हा हसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी तेलाचा हात लावा. सैल झालेला काथ्या वेळेवर ओढून घ्या. आणि तुमच्या घरातले म्हातारे माणूस कधी लांब जायचे म्हणाले, तर लगेच त्याच्या गुडघ्यांकडे बघू नका. आधी विचारा, कुठे जायचे आहे. मला अजून तसे कोणी विचारलेले नाही. विचारलेत, तर माझे उत्तर तयार आहे.