चकती फिरवणारं माणूस

निषाद रविवारी आमची जीप विकत घ्यायची म्हणून बघायला येणार होता. हिंजवडीत नोकरी, मूळचा अकोल्याचा, फोनवर आईला काकू म्हणणारा. त्याला नाही म्हणावं असं काही कारण नव्हतं.

बाबा वैशाखात गेले. तेव्हापासून जीप कासार आंबोलीच्या घरापुढे आंब्याखाली उभी होती. मी पुण्याहून दर शनिवारी यायचे, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचे आणि बंद करायचे.

"नुसतं गुरगुरायला लावतेस तिला," आई म्हणायची. "वापरात नसलेली वस्तू दारात ठेवू नये. सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसते."

मला जीप विकायची नव्हती. पण ते दार रोज तिला उघडावं लागत होतं, मला नाही. म्हणून मी तिला अडवलं नाही.

त्या शनिवारी मी किल्ली घेतली, तर आई बूट घालून समोर उभी.

"पठारावर ने मला. तुम्ही दोघं इतकी वर्षं तिकडे काय बघायला जायचात, ते तरी कळू दे."

ती कधीच आली नव्हती. तिला गाडी लागायची. डबा भरून द्यायची आणि म्हणायची, "जा, हाडं खिळखिळी करून या."

पौड मागे पडलं. धरणाचं पाणी दिसू लागल्यावर मी डांबर सोडलं आणि गाडी चढाच्या वाटेला घातली. दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती. आईनं समोरची दांडी घट्ट धरली होती. उलटी होऊ नये म्हणून तोंडात आवळासुपारी.

वाटेत बाबांच्या ओळखीचा भैरू म्हशी घेऊन उभा होता. जीप ओळखून हसत पुढे आला आणि आत वाकून बघू लागला.

"सायेब न्हाई आलं?"

"वैशाखात गेले ते," आई म्हणाली.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग गाडी ही हाकतीया व्हय? फुडं वढ्यात लई चिखुल हाय. सायेबाला सुदिक घाम फुटायचा तितं."

"मलाही फुटेल मग," मी म्हणाले.

ओढ्यात गाडी रुतली. मी चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढला, हळूच क्लच सोडला. मागची चाकं चिखल उडवत जागीच फिरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी आणखी खाली बसली.

"बिघडली का गं?" आईनं विचारलं. "उद्या तो यायचाय."

मग माझ्या लक्षात आलं. आमची जीप जुनी. नुसता दांडा ओढून पुढची चाकं जोर घेत नाहीत. आधी खाली उतरून त्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेली चकती हातानं फिरवावी लागते. लहानपणापासून ते माझं काम. बाबा स्टिअरिंगवर, मी चिखलात. स्टिअरिंगवर बसलेलं माणूस उतरत नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की आज कुणी उतरलंच नव्हतं.

मी आईला सांगितलं. स्वतः उतरणार, तोच तिनं पदर खोचला.

"तू बस. ब्रेकवरचा पाय काढू नकोस."

"आई, घट्ट असते ती."

"लोणच्याच्या बरण्या काय तुझे बाबा उघडायचे?"

ती घोटाभर चिखलात उतरली. मी खिडकीतून डोकं काढलं. "लाल खुणेपर्यंत फिरव. दोन्हीकडची झाली की बॉनेटवर थाप मार." हे बाबांचे शब्द होते.

लाल खूण त्यांनीच रंगवलेली. आईनं ती अंगठ्यानं पुसून पाहिली. मग ओठ आवळून चकती फिरवली, वळसा घालून दुसरीकडे गेली. थाप आली. गाडी एकदा हिसडली आणि सरळ वर निघाली.

पठारावर मी गाडी कडेला थांबवली. खाली पाणी होतं, वारा होता. आईनं डबा उघडला.

"आणि तुझे बाबा मला सांगायचे, तिथं काही नसतं म्हणून," ती म्हणाली.

परत डांबराला लागल्यावर मी गाडी थांबवली. चकत्या आता उलट फिरवून मोकळ्या करायच्या होत्या. मी सांगण्याआधीच आई उतरून चाकाशी बसली होती. तेवढ्यात सीटवरचा तिचा फोन वाजला. तिचे हात मातीचे होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"काकू, उद्या किती वाजता येऊ?"

"नको येऊस रे बाळा," आई चाकामागून म्हणाली. "गाडी वापरात आहे."

ती उठून दुसऱ्या चाकाकडे गेली. मी गिअरवर हात ठेवून थापेची वाट बघत बसले.