सकाळचं बोट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही आठ-नऊ वर्षांचे आहात आणि तुमच्या कमरेवर एक तान्हं बाळ आहे, असं समजा. कंबर अजून लहान आहे, बाळ सारखं घसरतं, म्हणून तुम्ही एका अंगाला वाकून चालता. पाणी आणायला जायचं तर ते बरोबर, शेणी वेचायला जायचं तर ते बरोबर, आणि सागरगोटे खेळायचे तर तेही त्याला मांडीवर घेऊनच. आता आणखी एक गोष्ट मनात आणा. हे बाळ रडत नाही. फारसं हसतही नाही. सकाळी निजतं ते उन्हं कलेपर्यंत निजलेलंच असतं. शेजारच्या बाया म्हणतात, किती गुणाचं लेकरू.

आता डोळे उघडा, आणि रुखमीच्या घरी चला.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. तिकडे दूर मोठं युद्ध चाललं होतं आणि इकडे हिंगोलीत कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती. रुखमीचा बाप संतराम मूळचा साखरा गावचा. तिथली कोरडवाहू जमीन वर्षभर पोसत नसे, म्हणून सुगी आटोपली की तो बायकापोरांना घेऊन हिंगोलीला येई. जीनच्या मागच्या भिंतीला लागून कुडाच्या झोपड्यांची एक ओळ होती, तिच्यात ही माणसं हंगाम संपेपर्यंत राहत. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. संतराम तिथे बॉयलरमध्ये लाकडं टाकी. रुखमीची आई नर्मदा यंत्रावर कापूस सोडायचं काम करी.

नर्मदेचा दिवस भोंग्यानं सुरू होत नसे. भोंगा व्हायच्या पुष्कळ आधी ती जात्यावर बसलेली असे. दळण, पाणी, भाकऱ्या, नवऱ्याची शिदोरी, आणि मग भोंगा. दिवसभर यंत्रापुढे उभं राहायचं. हवेत रुईचे तंतू इतके उडत की बाया तोंडाला पदर बांधत, तरी संध्याकाळी थुंकीतून कापूस पडे. दुपारी छाती दुधानं भरून येई, चोळी ओली होई, पण यंत्र सोडून बाहेर जायची परवानगी नव्हती. संध्याकाळी घरी आलं की चूल तिचीच वाट पाहत असे. संतराम वाईट माणूस नव्हता. तोही दमून येई, भिंतीला टेकून बसे आणि भाकरीची वाट पाही. त्याच्या बापानंही तसंच केलं होतं, त्यामुळे यात काही वावगं आहे, असं त्याच्या मनातही येत नसे.

मग तान्ह्या बाळाचं काय करायचं? त्या ओळीतल्या सगळ्या आयांनी यावर एकच उपाय धरला होता. कोनाड्यात एक लहानशी पत्र्याची डबी असे. तिच्यात काळी, चिकट वस्तू. सकाळी तिच्यात बोट टेकवायचं आणि ते बाळाच्या तोंडात द्यायचं, एवढंच. त्या वस्तूचं नाव कुणी घेत नसे. नुसतं ‘बोट’ म्हणत. पाणवठ्यावर एकजण विचारी, “बोट दिलंस का गं लेकराला?” आणि दुसरी सहज म्हणे, “व्हय, दिलं.” जसं आपण विचारतो, जेवलास का.

रुखमीच्या भावाचं नाव उकंडा होतं. हसू नका, या नावामागे एका आईचं भय आहे. त्याच्याआधी नर्मदेची दोन लेकरं गेली होती, एक गंगू आणि एक अजून नाव न ठेवलेला मुलगा. दोघंही जीनच्या हंगामात, झोपेतच. लोक म्हणाले, पोरं देखणी होती, दृष्ट लागली. म्हणून हा तिसरा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारच्या भिकाबाईनं कुणाचं तरी टाकलेलं पोर सापडल्यासारखं उचलून नर्मदेच्या ओटीत घातलं. टाकाऊ पोराकडे मृत्यू कशाला बघेल, अशी त्यामागची समजूत. त्याचं नाक टोचलं, गालाला काजळ फासलं, गळ्यात काळा दोरा बांधला. मरणाच्या साऱ्या वाटा बंद केल्या, आणि रोज सकाळी कोनाड्यातली डबी उघडली.

त्या दिवशी पहाटे नर्मदा जात्यावर होती तेव्हा उकंडा खोकत जागा झाला. संतराम अंथरुणातूनच म्हणाला, की त्याला गप कर, मला आगीपुढे उभं राहायचंय दिवसभर. पिठानं माखलेल्या हातानंच नर्मदेनं डबी उघडली, बोट दिलं आणि पुन्हा खुंटा धरला. रुखमी तेव्हा अजून निजलेली होती. मग पाणी झालं, भाकऱ्या झाल्या. आदल्या रात्रीही तिला नीट झोप मिळाली नव्हती. भोंगा झाला तेव्हा ती दारातून पळतच निघाली आणि पळता पळता म्हणाली, “रुखमे, त्याला बोट दे गं, इसरू नको.”

रुखमीनं आईचं ऐकलं. डबी उघडली आणि बोट दिलं.

दुपारी तिनं भाताची पेज कोमट केली आणि त्याला उठवायला गेली. तो उठेना. तिनं थेंबभर पेज ओठांत सोडली, ती तोंडाच्या कडेनं परत वाहून आली. तिनं त्याची मूठ उघडली. नखं जांभळट झाली होती. श्वास येई, मग थांबे, आणि इतका वेळ थांबे की रुखमीचाही श्वास थांबून जाई.

तिनं भिकाबाईला हाक मारली. म्हातारीनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या आणि म्हणाली, ठसका लागला न्हाई म्हंजे दृष्ट जबर है, झोपू दे त्याला. म्हातारीची माया खरी होती. पण रुखमीला गंगू आठवत होती. दोन हंगामांपूर्वी गंगूही अशीच निजली होती, तिच्याही नखांचा रंग असाच झाला होता, आणि तेव्हाही सगळे म्हणाले होते, झोपू दे.

“न्हाई झोपू देत,” रुखमी म्हणाली आणि भावाला कमरेवर घेऊन पळत सुटली.

जीनच्या फाटकावर दरवान होता. त्यानं तिला अडवलं. तो रागावला नाही, दरडावलाही नाही. “अंदर जाने का हुकुम नहीं है, बेटी. छुट्टी होने दो,” एवढंच म्हणाला. रुखमी फाटकाच्या गजांना तोंड लावून आईला हाका मारू लागली. आत यंत्रांचा असा खडखडाट चालला होता, की तिची हाक तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हती. भाऊ कमरेवरून घसरत होता. त्याचं डोकं मागे लोंबत होतं.

फाटकापाशी कापसाच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. एक गाडी बंजारा तांड्यावरच्या हिरासिंगची होती आणि त्याची बायको पारुबाई बैलांपाशी उभी होती. ती पुढे आली. तिनं बाळाची पापणी वर केली, मग वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

“छोरी, अफू देली का याला?”

“न्हाई,” रुखमी म्हणाली. “अफू न्हाई. नुसतं बोट दिलं.”

“बोट म्हंजे?”

“डबीतलं. आई रोज देते.”

 पारुबाईनं बाळाला हिसकावूनच घेतलं, बैलांसाठी आणलेल्या कातडी पखालीतलं गार पाणी त्याच्या तोंडावर मारलं आणि तळव्यांवर चापट्या मारू लागली. दुसऱ्या हातानं तिनं रुखमीला गाडीत कापसावर चढवलं. दरवान म्हणाला, ये क्या करती. पारुबाई म्हणाली, “गाडी आत जाते न? मग गाडीवरलं मानूस बी आत जाते. रोकायचं असल तर बैल रोक.” दरवानानं एकदा बाळाकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

नर्मदेनं वर पाहिलं तेव्हा रुईच्या धुक्यातून एक अनोळखी बाई तिचं मूल उलटंपालटं करत येत होती. मुकादमही तोवर आला. तो म्हणाला, भोंग्याआधी गेलीस तर उद्या येऊ नकोस.  नर्मदेच्या हातात अजून कापूस होता. तो तिनं त्याच्या पायांपाशी टाकला आणि निघाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपल्याला येईल ते सारं केलं आणि सांगितलं की आता एकच काम, याला झोपू द्यायचं नाही. झोपला तर श्वास घ्यायचं विसरेल. मग दवाखान्याच्या ओसरीवर नर्मदा, रुखमी आणि पारुबाई आळीपाळीनं त्याला घेऊन फिरू लागल्या. तळव्यांवर चापट्या, कानात हाका. काय चमत्कार पाहा. ज्या घरात रोज सकाळी त्याचं रडणं बंद करायची घाई असे, त्याच घरची माणसं आता त्यानं रडावं म्हणून त्याला चिमटे काढत होती.

डॉक्टरांनी विचारलं, अफू कुणी दिली आणि किती वेळा.

“मीच देली जी. पहाटे, खोकून राहिला म्हणून…” नर्मदा बोलता बोलता थांबली. तिनं रुखमीकडे पाहिलं. रुखमीचा चेहरा मातीसारखा झाला होता.

“मी बी दिलं, आई. तू म्हनालीस म्हणून.”

नर्मदेनं पोरीला पोटाशी ओढलं. “तू न्हाई दिलंस, माय. माझ्या बोलन्यानं दिलं. मी दळता दळता देली आन् मीच इसरले.”

मुलांनो, रुखमीच्या मनातला काटा या शब्दांनी पुरता निघाला की नाही, मला ठाऊक नाही. पण आईनं ते शब्द उच्चारले, ही फार मोठी गोष्ट होती. पुष्कळ मोठी माणसं असे शब्द कधी उच्चारत नाहीत.

डॉक्टरांनी मग हलक्या आवाजात विचारलं, याच्याआधी आणखी मुलं होती का. भोंगा होऊन गेला होता. संतराम काजळीनं माखलेल्या अंगानं धावत येऊन ओसरीच्या पायरीशी उभा होता. उत्तर त्यानंच दिलं. “दोन व्हती. झोपेत गेली. दृष्ट लागली त्यायला.”

“त्यांनाही हेच देत होता?”

  नर्मदा आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहत होती. पाहता पाहता तिनं ते बोट दगडी पायरीवर घासायला सुरुवात केली. रक्त येईपर्यंत ती घासत राहिली, तेव्हा पारुबाईनं तिचा हात धरला आणि आपल्या हातात घेऊन बसली.

दिवे लागायच्या वेळेला उकंडा रडला. आधी मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला, मग खणखणीत. पारुबाई म्हणाली, “रड रे राजा, पोटभर रड,” आणि पदरानं डोळे पुसून आपली गाडी गाठायला निघून गेली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळ झाली. जातं तिथेच होतं, चूल तिथेच होती आणि भोंगाही होणारच होता. नर्मदा कामावर गेली नाही तर चौघांनी खायचं काय? मुकादम परत घेईल की हाकलेल, तेही तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं. हंगाम ऐन भरात होता, हात कमी होते, एवढीच आशा. उकंडा अफूशिवाय कासावीस झाला होता आणि रात्रभर किरकिरत होता.

नर्मदा जात्यावर बसली. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं खुंट्यावर आणखी एक हात आला. संतराम समोर बसला होता. दळण झाल्यावर त्यानं घागर उचलली आणि पाणवठ्यावर गेला. भिकाबाई दारातून म्हणाली, “संतराम, बांगड्या कवा भरून राहिला रे?” तो म्हणाला, “माप पाठव, मामी, भरतो.” ओळीतल्या बाया हसल्या, पण त्या हसण्यात नेहमीचा जोर नव्हता.

अर्धा भार हलका झाला. उरलेला अर्धा मात्र अजून रडत होता.

उजाडलं तशी निघायची वेळ झाली. नर्मदेनं त्याला पाजलं, तरी तो थांबेना. तिचा हात सवयीनं कोनाड्याकडे गेला. काल ज्या हाताचं बोट तिनं दगडावर सोललं होतं, तोच हात. सवय काय असते ते पाहा. हात कोनाड्यात फिरला आणि रिकामाच परत आला.

“डबी कुठं है?” तिनं विचारलं.

“उकिरड्यावर,” रुखमी म्हणाली. “फोडून टाकली. आता भिकाआजीनं बी उचलू नये.”

 नर्मदा हताशपणे म्हणाली, “आन् आता कसं करायचं गं? हा दिसभर असाच रडल. कोन संभाळल याला?”

भोंगा झाला. नर्मदा रडतच निघाली. संतराम तिच्या मागे होता.

मग रुखमीनं काय केलं, तेवढं सांगतो आणि थांबतो. तिनं घर झाडून घेतलं. रडणाऱ्या भावाला कमरेवर घेतलं, एका अंगाला वाकून चालत ती जीनच्या फाटकापाशी आली आणि समोरच्या कडुलिंबाखाली बसली. शेजारच्या झोपडीतली एक पोरगी आपलं झोपलेलं तान्हं भावंड घेऊन तिच्या मागोमाग आली होती, तीही जवळ येऊन बसली. दरवानानं विचारलं, इथं का बसलात.

“आईची वाट पाहून राहिलो,” रुखमी म्हणाली. “त्याला भूक लागल तवा आईला बाहेर येऊ द्या. न्हाई येऊ दिलं, तर आमी दोघं बी रडू.”

दरवानानं मान फिरवून, नर्मदा पुन्हा कामाला लागली होती त्या आतल्या यंत्रघराकडे पाहिलं. उकंडा भोकाड पसरून रडत होता. रुखमीनं त्याला गप केलं नाही. तिनं आपलं बोट पाण्यानं स्वच्छ धुतलं, परकराला पुसलं आणि त्याच्या मुठीत दिलं. त्यानं ते घट्ट धरलं आणि तो आणखी जोरानं रडू लागला.