नाल्यापलीकडचे पऱ्हे

"दिवसरात मोटार चालू ठेवून राहिले, म्हून आपली विहीर तळाले गेली. पाण्याले काही हद्द असते का नाई?" आमचे घनश्यामजी विहिरीत तोंड घालून पुटपुटत होते. मी मागे भांडी घासत होते. विहिरीने ते बोलणं मोठं करून मला ऐकवलं.

राग होता नाल्यापलीकडच्यांवर. आमच्या धानाच्या शेवटच्या बांधीला नाला लागतो, तो ओलांडला की मध्य प्रदेश. तिथे माझी थोरली बहीण पंचफुला दिलेली. दोघींच्या विहिरी हाकेच्या अंतरावर.

"जाऊन पाय एकदा," हे म्हणाले. "पण पाहाले आली असं दिसू देऊ नको."

ताटात लाखोळीची भाजी घेतली आणि निघाले. बहिणीकडे जायला मला कधी कारण लागलं नव्हतं. त्या दिवशी कारण हातात दिसलं, तशी ती लगेच सावध झाली.

उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांवर ती पितळी गुंडातलं पाणी हाताने शिंपडत होती. रोपं वीतभरही नव्हती आणि शेंडे पिवळे पडलेले.

"मोटार नाई लावली वो बाई?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घडीभर पाणी देते, मंग हवा. तुमच्याकडे खोल बोअर मारली म्हणे?"

"कोण म्हणते?"

"लोकं."

"आमच्याकडे कायची बोअर!"

"मंग माह्या विहिरीचं पाणी पेलं कोनं?"

पाणी प्यायच्या निमित्ताने मी विहिरीकडे गेले. काठावर बादलीचा दोर पडला होता, फक्त टोकाशी ओला. मागून आवाज आला, "झालं मोजून? सांग आता घरी. अन् हेबी सांग, आठ दिवसांत पाणी नाई भेटलं तर पऱ्हे गेले. मंग रोवणी काय कपाळावर करू?"

दुसऱ्या दिवशी ताट परत करायला ती स्वतः आली. आमच्यात ताट रिकामं परत देत नाहीत. तिने त्यात पिवळ्या पऱ्ह्यांची एक जुडी ठेवली होती.

"यंदा देण्यासारखं हेच हाय," म्हणाली आणि सरळ आमच्या विहिरीवर जाऊन वाकली. खाली दगड उघडे पडले होते. बोअर तिला कुठेच दिसली नाही. तिचा संशय तर गेला, पण आता कोणाला बोल लावायचा तेही उरलं नाही.

"यंदा पाऊसच कमी झाला," ती म्हणाली.

"हो ना, कमीच झाला," मी म्हटलं.

"लय कमी," ह्यांनीही मान हलवली.

यंदा श्रावणात पावसाने आमच्या बांध्या फुटल्या होत्या.

विहिरीपासून वीस पावलांवर नहर काठोकाठ वाहत होता, आणि आम्ही तिघंही नेमके त्याच्याकडे पाठ करून उभे होतो. दोन वर्षांमागे तो मातीचा होता. खेकड्यांनी पोखरलेला, जागोजागी पाझरणारा. शेवटच्या शेतांना पाणी पोचत नव्हतं. ह्यांनी गावभर फिरून अर्जावर सह्या घेतल्या, दुसरी सही माझी. मग नहर सिमेंटचा झाला, शेवटच्या बांधीला पाणी मिळालं, गावाने ह्यांना शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो ओसरीवर आहे. तेव्हापासून आमच्या घरात जुन्या नहराचं नाव निघालेलं नाही. मीही काढलं नाही. लोकांचं भलं करून आलेल्या माणसाला कोण सांगणार?

नहराच्या कागदावर पलीकडच्या गावाचं नावच नाही, त्यांना त्यातून पाणी मागताही येत नाही.

"जाते मी," पंचफुला म्हणाली. "आमचे पुंडलिकराव टँकर पाहाले गेले. भेटला तर भेटला."

ह्यांनी ताटातली जुडी उचलली. मुळं चोळून पाहिली, कोरडी माती बोटांना लागली.

"थांबा बाई," हे म्हणाले. "पाऊस कमी नोता. तो नहर गळत होता, तेच पाणी जमिनीतून तुमच्या विहिरीत जात होतं, आमच्यातबी. ते गळणं मीच बंद केलं."