ग्लोव्हबाहेरचं बोट

"आजोबा, उठा! मला वर बोलावलंय! मोठ्या लीगमध्ये!"

खांद्याला बर्फाची पिशवी बांधून बाकावर आडव्या झालेल्या लीलंड स्ट्रिकलरला रूडी एस्कमियानं गदागदा हलवलं. वयानं सगळ्यांत मोठा म्हणून संघात लीलंडला 'आजोबा'च म्हणत. कपडे बदलायच्या खोलीत एकच गलका झाला. कुणीतरी रूडीच्या डोक्यावर बिअर ओतली. लीलंडही उठला, त्याला मिठी मारून "शाब्बास" म्हणाला. पण मिठी त्यानंच आधी सोडवली.

चौदा वर्षं तो टेनेसी-अलाबामातल्या बेसबॉलच्या असल्याच लहान संघांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. बसमधली झोप, गार झालेले हॅमबर्गर आणि हिवाळ्यात सासऱ्याच्या टायरच्या दुकानात नोकरी. वरचं बोलावणं त्याला एकदाही आलं नव्हतं. आणि हा बाविशीतला पोरगा पहिल्याच मोसमात निघाला! वळणारा चेंडू बोटांत कसा धरायचा, हेसुद्धा त्याला लीलंडनंच शिकवलेलं.

विमानतळावर सोडायलाही लीलंडच गेला. दोघं एकाच खोलीत राहायचे. दुसरं कोण जाणार?

"आजोबा, माझ्यात काही खोट दिसली असेल तर आत्ताच सांगा हं," गाडीत रूडी म्हणाला. "तिथले फलंदाज फाडून खातील मला."

खोट होती. वळणारा चेंडू टाकण्याआधी रूडीचं ग्लोव्हच्या पाठीवर बाहेर राहिलेलं बोट किंचित वर उचललं जायचं, आणि कुठला चेंडू येतोय ते आधीच कळायचं. इथल्या फलंदाजांच्या ते लक्षात आलं नव्हतं. लीलंडच्या आलं होतं, मे महिन्यातच.

"छे रे," तो म्हणाला. "बिनधास्त फेक."

रविवारी दुपारी सगळा संघ टीव्हीपुढे बसला. रूडीचा वळणारा चेंडू सुटला रे सुटला की फलंदाज तो भिरकावून देत होते.

"अरे, यांना आधीच कळतंय की काय!" मॅनेजर हॉबर्ट किंचाळला.

दुसऱ्याच डावात रूडीला बाहेर काढलं. कॅमेऱ्यानं त्याचा रडवेला चेहरा दाखवला आणि लीलंडला आतून गार वाटलं. मग आपल्याला बरं वाटतंय, हे त्याचं त्यालाच उमगलं. हातातलं सँडविच त्यानं खाली ठेवलं.

संध्याकाळी त्यानं रूडीच्या हॉटेलात फोन लावला आणि बोटाचं सगळं सांगितलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?" रूडीनं विचारलं.

"मे महिन्यात."

"म्हणजे मी गाडीत विचारलं तेव्हा..."

"ठाऊक होतं. जळत होतो मी तुझ्यावर. अजूनही जळतोय."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

पुढचा सामनाही सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. तो रूडीनं एकहाती जिंकून दिला. बोट ग्लोव्हच्या आत होतं. टीव्हीवाल्यानं विचारलं, ही चूक दाखवली कुणी? रूडी म्हणाला, "कुणी नाही. माझी मलाच सापडली."

"पोरगं हुशार!" हॉबर्टनं मांडीवर थाप मारली. मग लीलंडकडे वळला. "काय रे, उन्हाळाभर एका खोलीत राहिलास त्याच्याबरोबर. तुला कसं दिसलं नाही?"

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नाही दिसलं," लीलंड म्हणाला.

तो ग्लोव्ह घेऊन बाहेर आला. संध्याकाळच्या सामन्याचे प्रेक्षक अजून आले नव्हते. पिचर जिथून चेंडू फेकतो त्या उंचवट्यावर मैदानाचा माळी पाणी मारत होता. त्याचं काम होईपर्यंत लीलंड बाजूला उभा राहिला.