दादाने टॅप केलं होतं

माझ्या भावाचा हात गेंड्याने मोडला. अपघातात मोडला नाही. मोडला म्हणजे मोडला.

गेंडा हा आमच्या ज्युदोच्या हॉलमधला सगळ्यात वजनदार गडी. आमच्या खेळात ठोसे नसतात. समोरच्याला धरायचं, त्याचा तोल घालवायचा, पाडायचं आणि सांधा अडकवायचा. अडकलेल्याने मॅटवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर दोन चापट्या मारायच्या. याला म्हणतात टॅप. टॅप झालं की सोडायचं. या एका भरवशावर माणसं आपली हाडं दुसऱ्याच्या हातात देतात.

दादाने टॅप केलं होतं, गेंड्याच्या पाठीवर. हॉलमध्ये गोंगाट होता, सरांचं लक्ष दुसरीकडे होतं. गेंड्याने सोडलं नाही. कोपर गेलं. आणि वर तोंड करून म्हणाला, "त्याने टॅपच केलं नाही. हट्टाला पेटला, मी काय करू?" सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. सरांनीसुद्धा.

दादा रंगारी आहे. उजवा हात आता सरळ होत नाही, ब्रश छतापर्यंत पोचत नाही. बाबा उठताबसता ऐकवतात, "दोन चापट्या मारायला काय झालं होतं तुला?" आधी दादा भांडायचा. आता गप्प बसतो. ते गप्प बसणं मला बघवत नव्हतं.

मी त्याच हॉलमध्ये नाव घातलं. मला न्याय-बिय नको होता. गेंड्याचा हात हवा होता, कोपरातून.

मी हॉस्पिटलच्या वॉर्डात आया आहे. माझ्या दुप्पट वजनाची माणसं रोज कुशीवर वळवते. ताकद लावली तर माझीच कंबर धरेल. पेशंटचा गुडघा दुमडायचा, खांदा नि कंबर धरायची, वजन आपणहून अंगावर येतं. सरांनी मॅटवर तेच शिकवलं. फरक एवढाच की इथला पेशंट अंगावर धावून यायचा.

कित्येक महिने शिकल्यावर एका रविवारी सकाळी मी गेंड्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय मावशी, बेडपॅन विसरलीस का इथे?"

हॉल हसला.

"तुला लागेलच आता, आणते," मी म्हणाले. हॉल जास्त हसला.

तो चिडून आला. माझी कॉलर धरून ढकलत सुटला. मी अडवलं नाही. तो जितका ढकलेल तितकी मागे गेले. त्याचं सगळं ओझं पुढच्या पायावर आलं, तशी मी वळले आणि माझी कंबर त्याच्या पोटाखाली घातली. पुढचं काम त्याच्या वजनानेच केलं. तो पाठीवर आदळला. हात मी सोडलाच नव्हता. बाजूला आडवी होऊन पाय त्याच्या छातीवर टाकले, त्याचं मनगट माझ्या छातीशी घट्ट धरलं, कोपर मांडीवर घेतलं. कोपर म्हणजे बिजागरी. एकाच बाजूला उघडते.

त्याने लगेच चापट्या मारल्या.

"दादाने टॅप केलं होतं?" मी विचारलं आणि कंबर थोडी वर उचलली.

"केलं होतं! केलं होतं, बाई! सोड!"

"सोड त्याला!" सर ओरडले.

अजून बोटभर उचलली असती तर मोडला असता. सोडला. कबुली मिळाली होती ना! पण सर म्हणाले, "हे मी धरत नाही. हात पिरगळला तर मीसुद्धा म्हणेन की मी हत्ती आहे."

गेंडा कोपर चोळत उठला. "ऐकलंत ना? हिचा भाऊ हट्टीच होता. आजही सांगतो."

हातही गेला आणि कबुलीही. तो छाती पुढे काढून माझ्यावर चालून आला. पुन्हा तसाच, सगळा भार पुढे टाकून.

मी म्हणाले, "खरंय तुझं. हट्टीच तो. हाड मोडलं तरी चापट मारली नाही पठ्ठ्याने. तू तर हात ताणायच्या आधीच मारलीस. मग दोघांत वाघ कोण रे?"

"वाघ तर रंगारीच!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल खिदळला.

गेंड्याचं तोंड लालबुंद झालं. "कसला वाघ! चापट्यांवर चापट्या मारत होता माझ्या पाठीवर! सोड सोड म्हणून रडत होता!"

हसू जागच्या जागी विझलं. आपण काय बोलून गेलो ते त्याला सगळ्यांत शेवटी कळलं.

सर माझ्याकडे आले. "मी तुझ्या बाबांना भेटतो."

"आधी दादाची माफी मागा," मी म्हणाले. "तुम्हीही मान डोलावली होती."

"मागतो," सर म्हणाले. मग मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "चला, जोड्या लावा."

सगळे भराभर जोडीने उभे राहिले. गेंड्याने एकाकडे हात केला, त्याने पाठ फिरवली. दुसरा आपला पट्टा बांधत बसला. हा खेळ एकट्याला खेळता येत नाही, कोणीतरी आपलं हाड द्यावं लागतं. तो मधोमध उभा, हात अर्धवट पुढे. "अरे, या ना कोणी," म्हणाला. कोणी हललं नाही.

दादाला हे सांगायला मला घरी जायची घाई होती. तरी मी भिंतीला टेकून बसले आणि पोटभर बघून घेतलं.